उंचीचे गुण कोणाच्या पदरात पडतात?

महोदय,

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या (खेळाडू मुलांच्या निवासी प्रशिक्षण केंद्राच्या) निवडीत नऊ चाचण्या असतात. प्रत्येकीला ३, असे एकूण २७ गुण. धावणे, शटल रन (दोन रेषांमध्ये वेगाने ये-जा), उड्या, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, लवचिकता यांच्या जोडीला उंची आणि वजन यांनाही गुण आहेत. आमची हरकत या दोहोंच्या गुणांना आहे.

तेराव्या वर्षी दोन मुलांच्या हाडांच्या वयात (हाडांची वाढ किती झाली त्यावरून ठरणाऱ्या वयात) दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. जो लवकर वयात आला, तो उंचीत पुढे, वजनात पुढे, बॉलफेकीत आणि उडीतही पुढे. एकाच कारणासाठी त्याला चार ठिकाणी गुण मिळतात. उशिरा वाढणारा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी त्याची बरोबरी करू शकतो, पण तोवर त्याने मैदान सोडलेले असते.

यात घरची कमाईही मोजली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. सहावी ते आठवीच्या शालेय पोषण आहारात २० ग्रॅम प्रथिने धरलेली आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे ४५ ग्रॅम, सराव करणाऱ्याची त्याहून जास्त. उरलेली प्रथिने घरच्या ताटातून यायची. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत जेमतेम सात. रोज एवढेही परवडत नाही अशी घरे आमच्या शाळांत पुष्कळ आहेत.

मग करायचे काय? एकदाच मोजलेल्या उंचीपेक्षा वाढीचा वेग पाहावा. दर तीन महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून आणि दरवेळी सकाळीच मोजावे, कारण संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते. भिंतीच्या तळाशी पुढे आलेल्या फरशीच्या पट्टीवर टेप चिकटवला की टाच भिंतीपासून सुटते आणि माप चुकते. वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास वाढणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची मोठी वाढ बहुधा अजून बाकी असते. वेग आठ-नऊवर गेला की उड्यांचा सराव कमी करावा, नाहीतर गुडघ्याखालचे हाड दुखू लागते.

मुलाची पुढची उंची आईवडिलांच्या उंचीवरून काढतात (सेंटिमीटरमध्ये दोघांची बेरीज अधिक १३, भागिले २; मुलीसाठी अधिकऐवजी उणे १३). हे सूत्र जपून वापरावे. पालकच लहानपणी अर्धपोटी वाढले असतील, तर आकडा कमी येतो आणि गरिबाचे मूल दुसऱ्यांदा मागे पडते.

क्रीडा विभागाने चौदा वर्षांपर्यंत उंची-वजनाची फक्त नोंद ठेवावी, गुण देऊ नयेत. बॉलफेक आणि उडीचे गुण वाढीच्या टप्प्याप्रमाणे गट पाडून द्यावेत. थोडक्यात हुकलेल्यांची वर्षभराने पुन्हा चाचणी घ्यावी, आणि त्या दिवशी सोबत येणाऱ्या पालकाला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्यावी.

– काही क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा