आर. के. स्टुडिओच्या मसुद्याबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

राज कपूरच्या आर. के. स्टुडिओवरचा तुझा मसुदा वाचला. 'आगीने स्टुडिओ संपवला' हे वाक्य आधी खोड. 16 सप्टेंबर 2017 ला आग लागली तेव्हा चेंबूरच्या त्या आवारातला धंदा केव्हाच बसला होता. पहिल्या चित्रपटाचं नावही 'आग' होतं, ही कोटीसुद्धा काढ. ती सगळ्यांची वापरून झाली आहे.

संस्था 1948 ची. पैसा दिला तो 1949 च्या 'बरसात'ने, आणि त्यातून स्टुडिओ उभा राहिला. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर नायिका, हे बोधचिन्हही त्यातलंच. 'आवारा'च्या स्वप्नदृश्याचं सगळं श्रेय तू राज कपूरला देऊन टाकलंस. कलादिग्दर्शन मु. रा. आचरेकरांचं, कॅमेरा राधू कर्मकारांचा, संकलन जी. जी. मयेकरांचं. आणि असं दृश्य जमतं ते फ्लोअर, म्हणजे शूटिंगचं बंदिस्त दालन, घरचा असला की. भाड्याच्या फ्लोअरवर सेट लावायचे, शूटिंगचे आणि सेट तोडायचे, सगळ्या दिवसांचं भाडं चढत राहतं. घरच्या फ्लोअरवर मनासारखं होईपर्यंत सेट उभा ठेवता येतो.

हीच चैन पुढे नडली. 'मेरा नाम जोकर' सहा वर्षं रेंगाळला आणि झाला चार तासांच्या वर, दोन मध्यंतरांचा. एवढा लांब चित्रपट म्हणजे थिएटरात दिवसाचा एखादा खेळ कमी, म्हणजे तिकिटांचा गल्लाही कमी. 1970 मध्ये तो पडला. 1973 च्या 'बॉबी'ने सावरलं. नायक घरचा मुलगा, नायिका नवी, त्यामुळे मोठ्या नटांचं मानधन वाचलं.

म्हणजे एका चित्रपटाची कमाई पुढच्या चित्रपटाला आणि स्टुडिओला पोसत होती. 1988 मध्ये राज कपूर गेले. मग तिघा मुलांनी एकेक चित्रपट केला: रणधीरचा 'हिना' 1991, राजीवचा 'प्रेमग्रंथ' 1996, ऋषीचा 'आ अब लौट चलें' 1999. त्यानंतर घरचं काम थांबलं आणि उरलं निव्वळ भाडं.

रिकामा फ्लोअरही खातो. चौकीदार, मालमत्ता कर, वीजजोडणी, शिवाय दर पावसाळ्याआधी छप्पर. ते गळलं की आवाज अडवणारं अस्तर भिजतं आणि दिवे लावायला वर बांधलेल्या कॅटवॉकचं, म्हणजे अरुंद फळ्यांच्या वाटेचं, लाकूड सडतं. गिऱ्हाईक मात्र गोरेगावकडे वळलेलं. चित्रनगरीत तळं, टेकडी, रस्ता एकाच आवारात. युनिटची माणसंही बरीचशी अंधेरी-गोरेगावची. चेंबूरला यायचं तर शिफ्टचे तास वाहतुकीत जातात. व्हॅनिटी व्हॅन आल्यावर मेकअप रूमचं कौतुक संपलं, उलट व्हॅन लावायला जागा हवी झाली. उरलेसुरले लोक पार्किंग फुकट, एसी फुकट आणि वर सवलत मागत. ही तक्रार 2018 मध्ये ऋषी कपूरनेच बोलून दाखवली होती.

आगीबद्दल एवढंच लिही: प्लायवूड, कापड, रंग, वर उंच मोकळं छप्पर, असा फ्लोअर पेटला की आवरत नाही. टीव्हीच्या नृत्यस्पर्धेचा सेट गेला, जुन्या चित्रपटांचे पोशाख गेले. ते पुन्हा बांधून खर्च वसूल होण्यातला नव्हता. ऑगस्ट 2018 मध्ये विकायचं जाहीर झालं, मे 2019 मध्ये 2.2 एकर जागा गोदरेज प्रॉपर्टीजकडे गेली, घरं आणि दुकानं बांधायला.

1999 ते 2017 ही अठरा वर्षं तू एका ओळीत उरकलीस. तिथे दोन पानं लिही. आणि आचरेकरांचं 'आर्चेकर' झालंय, तेवढं सुधार.

तुझी आई