सहसंबंध शून्य, म्हणून संबंधच नाही?

ताशी वाहनसंख्या आणि सरासरी वेग यांचा सहसंबंध गुणांक शून्याच्या जवळ आला, म्हणून गर्दीचा वेगाशी फारसा संबंध नाही, असे सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला. तो निष्कर्ष पटण्यासारखा नाही. दोन राशींचे नाते सरळ रेषेच्या किती जवळ जाते, एवढेच हा गुणांक दाखवतो, आणि येथे ते नाते मुळात सरळ रेषेचे नसतेच. एका मार्गिकेतून तासाला १२०० वाहने जातात ती किलोमीटरमागे २० वाहने ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असतानाही, आणि किलोमीटरमागे ८० वाहने ताशी १५ किलोमीटरने रखडत असतानाही; मोजणी यंत्रावर आकडा मात्र तोच उमटतो. वाहतूक अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये वेगाची सांगड घातली ती वाहनांच्या घनतेशी, म्हणजे किलोमीटरमागील वाहनांच्या संख्येशी, आणि तेथे उतरती सरळ रेषा बऱ्यापैकी बसते (पुढे तीही तंतोतंत नसल्याचे दिसून आले, हा भाग वेगळा). तेव्हा रेषीय प्रतिगमन, म्हणजे आकड्यांवर सरळ रेषा बसवणे, करायचेच होते, तर ते वेग आणि घनता यांवर करायला हवे होते. निदान गुणांकाशेजारी मूळ बिंदूंचा आलेख छापला असता, तरी त्यातील कमान वाचकांच्या नजरेतून सुटली नसती.

– एक वाचक