चाटी गल्लीतल्या मामांना, जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही ते न उघडता चष्म्याच्या डबीखाली सरकवलं असतं आणि चहा मागवला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. आपलं चादरींचं दुकान सुरू होऊन एक लग्नसराई पार पडली. पाटीखाली बारीक अक्षरात आर्किटेक्ट म्हणून माझं नाव आहे. ही उपाधी 1972 च्या कायद्यानं आमच्यासाठी राखून ठेवली आहे. दुकान कसं चालतं हे ज्याला उभ्या हयातीत कळलं, त्याच्यासाठी त्या कायद्यात काही सोय नाही. ती या पत्रापुरती मी करते.

वाचणाऱ्यांना ओळख म्हणून सांगते. मामा म्हणजे सोलापूरच्या चाटी गल्लीत कापडाच्या गादीवर आयुष्य काढलेले सेल्समन. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही भाषांत भाव सांगतात, आणि चारहींत भाव न उतरवता गिऱ्हाईक राजी करतात. माझ्याकडे आलेलं काम चादरी-टॉवेलच्या दुकानाचं. समोरून 11 फूट, आत 42 फूट, तोंड पश्चिमेला. मालकांना मांडी घालून माल बघायची जुन्या पद्धतीची गादी हवी होती, त्यांच्या मुलाला पुण्यात असते तशी काचेची शोरूम. दोघांनीही माझ्यापुढे मोबाइलवरचे फोटो धरले होते. शेवटी मालकच म्हणाले, "म्याडम, आमचं राहू द्या. आधी मामांना भेटा."

तुम्ही नकाशा पाहिलाच नाहीत. गोदामात फरशी झाडून घेतलीत, मला समोर मांडी घालून बसवलंत आणि 60 बाय 90 इंचाची एक चादर एका झटक्यात उघडलीत. हवेत ती क्षणभर फुगली आणि तिची कड माझ्या गुडघ्याशी येऊन टेकली. मग म्हणालात, "आता लावा टेप." झटकताना हात मागे जातो तेवढी जागा, चादर पडते तेवढी जागा, बसणाऱ्याची मांडी, आणि त्याच्या मागून चहावाला पोरगा जाईल एवढी वाट, सगळं मोजून घेतलं. तुमचं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे: "चादर गिऱ्हाईकाच्या अंगावर नाय पडली पाहिजे, पण मांडीला लागली पाहिजे. हात लागला की माणूस भाव विचारतंय."

त्यातून 7 बाय 14 फुटांची गादी आणि बाजूनं 3 फुटांची वाट निघाली. मालकांचा मुलगा हादरला. पेठेत जागेचे भाव काय आहेत आणि ही बाई 14 फूट मोकळे सोडतेय! पण चादरीचं दुकान म्हणजे ती मोकळी जागाच. बाकीची कपाटं म्हणजे गोदाम. गादी जमिनीपासून 16 इंच उचलली तीही तुमच्यामुळे. गुडघे धरलेल्या आज्जीला कडेवर बसता येतं आणि दिवसभर घड्या घालणाऱ्या पोरांची कंबर वाचते. उघडलेली प्रत्येक चादर कुणाला तरी परत घडी घालावी लागते, हे आमच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवत नाही.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. सोलापुरी जकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेल्या, चादरीत पुढचे रंग मागे अदलाबदल होऊन येतात. सुलट बाजूला मरून जमिनीवर पांढरा मोर, तर पालथ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून मोर. जाणतं गिऱ्हाईक आधी कोपरा उलटवून बघतं, हे तुम्ही दाखवलंत. मग भिंतीला पाठ लावून चादर टांगण्यात काय मतलब? मागच्या भागात छताखाली आडवे पाइप टाकले आणि चादरी भिंतीपासून सोडवून मधोमध टांगल्या. दोन्ही अंगांनी बघता येतात, मधून माणूस चालत जातो. पोरं तिथं लपंडाव खेळतात आणि आईबापांची निवड तोवर निवांत होते. हे काम करताना मला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचा 1958 सालचा दिल्लीचा हातमाग मंडप आठवत होता: मातीच्या विटांच्या भिंती आणि वर हातमागाच्या कापडाच्या छत्र्या. प्रदर्शनापुरतं बांधलेलं, पण कापडाला नुसता माल न समजता त्याचंच छत करायचं धाडस त्यात होतं.

उजेडाबद्दल मी थोडी अडून बसले होते, तुमच्यामुळे नव्हे, इलेक्ट्रिशियनमुळे. स्वस्त एलईडीखाली लाल आणि मरून मळकट दिसतात. अशा दिव्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा भाग कमी पडतो, म्हणून. तुम्ही हे शास्त्र न सांगता "दारात नेऊन दाखव की" म्हणत होता. पश्चिमेच्या दारात, मे महिन्यात, पारा 43-44 वर असताना! म्हणून गादीवर तेवढे चांगल्या प्रतीचे, 90 च्या वर रंग-निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेले दिवे घेतले आणि बाकी दुकानात साधे. दारात जायची गरज संपली, तरी काही बायका जातातच. जाऊ देत. त्यांच्यासाठी दर्शनी काच 6 फूट आत ढकलली आणि पुढे सावलीचा ओटा काढला.

या ओट्याचे फोटो पाहून पुण्याच्या एका मैत्रिणीनं आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएनचं नाव घेतलं. त्यानं 1939 मध्ये न्यूयॉर्कला एका चामड्याच्या पर्सच्या दुकानाचं दार असंच आत घेतलं होतं. रस्त्यावरचा माणूस बघता बघता दुकानाच्या हद्दीत उभा राहावा, हा डाव. पुढे याच माणसानं अमेरिकेतला पहिला बंदिस्त वातानुकूलित मॉल काढला, 1956 साली, आणि म्हातारपणी त्या मॉल संस्कृतीवरच चिडला. तुम्हाला मी त्याच सुमाराचं अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं सॅन फ्रान्सिस्कोतलं दुकान दाखवलं होतं, आठवतं? 1948 चं. रस्त्याकडे सगळी विटांची कोरी भिंत, एक कमान आणि आत गोल चढत जाणारा रस्ता. शोकेस नाहीच. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "हे तर आमच्या गल्लीसारखंच झालं की. बाहेर काय न्हाय, आत बसल्याबिगर कळत न्हाय." राइटवर मी बरंच वाचलंय, एवढं आटोपशीर कुठं सापडलं नाही.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट चपलांची. बस्ता बांधायला माणसं येतात ती पंधरा-वीस. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, मामा-मावश्या, एखादा नुसताच आलेला शेजारी. आहेराच्या चादरी, टॉवेल-टोप्या, सगळं एका बैठकीत. गादीवर चढायचं तर चपला काढणार. मी त्यांच्यासाठी झाकणाचं कपाट काढलं होतं, ते तुम्ही खोडलंत. "चपलांचा ढीग दिसला की मागचं गिऱ्हाईक आत शिरतंय. झाकलं तर दुकान रिकामं वाटतंय." आता ओट्याच्या डाव्या अंगाला शहाबादी फरशीच्या दोन उतरत्या पायऱ्या आहेत, वर एक दिवा. चपला तिथं, रस्त्यावरून दिसतील अशा. थ्रीडी चित्रांतल्या दुकानांत गिऱ्हाईक कधी चप्पल काढत नाही. उंच टाचांची कुणीतरी गोरी बाई मोकळ्या हातानं फिरत असते. आमच्या धंद्यात हल्ली क्लायंट त्या चित्रालाच दुकान समजतात, आणि खरं सांगायचं तर काही आर्किटेक्टसुद्धा.

आपल्या गावात आमच्यातल्या पुष्कळांचा वेळ परवानग्यांच्या फायली आणि पार्किंगच्या हिशोबात जातो. दुकानाचं काम तर हलकं मानतात, कारण दहा वर्षांत कुणीतरी ते उखडून नवं करणारच. मला मात्र तेच काम मोलाचं वाटायला लागलंय. गड्ड्याच्या यात्रेला आलेला अक्कलकोटकडचा शेतकरी कुठल्या आर्किटेक्टनं बांधलेल्या बंगल्यात कधी पाऊल ठेवणार? दुकानात तो हक्कानं शिरतो, ऐसपैस बसतो, काही न घेता उठूनही जातो. त्याला आत येताना बुजायला होता कामा नये, एवढ्यावर मी आता दर्शनी बाजू तपासते.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. मालकांनी दिलेली चादरही सुनेला देऊन टाकलीत म्हणे. ठीक आहे, पण एक काम तुमच्या गळ्यात घालतेय. आमच्या कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची मुलं दुकानाचा प्रकल्प करताहेत आणि सगळ्यांनी काचा आणि झुंबरं काढली आहेत. येत्या मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, त्यांना गादीवर बसवायचं ठरलंय. मालकांची परवानगी घेतली आहे. रिक्षा तीन वाजता तुमच्या दारात येईल. टेप मुलं आणतील, चादर तुम्ही निवडा.

आपली,
एक आर्किटेक्ट, सोलापूर