मार्केट कॅप १०० कोटी, पूलमध्ये १० लाख

संपादक महाशय,

'हॉडल' हा शब्द डिसेंबर २०१३ मधला. बिटकॉइनचा भाव कोसळत असताना कुणीतरी दारूच्या तारेत 'होल्ड' (विकू नका, धरून ठेवा) चुकीचं टंकलं आणि ते सगळ्यांनी उचललं. डोजकॉइनही त्याच महिन्यात निव्वळ गंमत म्हणून निघालं. आता हीच थट्टामस्करी टेलिग्रामच्या ग्रुपांवर नवी टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणी, खपवायला वापरली जाते. न विकणारा तो 'डायमंड हँड्स', विकणारा 'पेपर हँड्स', आणि शंका काढली की 'फड (FUD, म्हणजे भीती आणि संशय) पसरवू नका' म्हणून ग्रुपबाहेर.

'विकू नका' हे इतकं कळकळीनं का सांगतात? समजा, टोकनची १०० कोटी नाणी आहेत आणि भाव १ रुपया. ग्रुपवर मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या नाण्यांची त्या भावानं होणारी किंमत, झळकतं १०० कोटी रुपये. पण सौदे होतात त्या लिक्विडिटी पूलमध्ये, म्हणजे नाणी आणि पैशांच्या सामाईक साठ्यात, मात्र १० लाख नाणी आणि १० लाख रुपयेच असतात. या दोन आकड्यांचा गुणाकार कायम ठेवून पूल भाव ठरवतो. कुणी १० लाख नाणी, म्हणजे एकूण नाण्यांचा जेमतेम हजारावा हिस्सा, विकली की त्याला ५ लाख मिळतात आणि भाव २५ पैशांवर येतो. लगोलग तेवढीच नाणी विकणाऱ्याच्या हाती पावणेदोन लाखही पडत नाहीत. मागे उरलेल्यांना याच बाजारात 'एक्झिट लिक्विडिटी', म्हणजे इतरांना बाहेर पडायला पैसा पुरवणारे, म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

२०२१ च्या स्क्विड टोकनमध्ये तर खरेदीदारांना विकताच येत नव्हतं. विक्री नाही, म्हणून आलेख नुसता चढता. १ नोव्हेंबरला भाव २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत शून्याजवळ आला.

टोकन नावानं शोधू नये, एकाच मीमच्या नावाची ढीगभर असतात. कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता ब्लॉक एक्स्प्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाकावा. 'होल्डर्स'मध्ये पूलचा पत्ता वगळून पहिल्या दहा वॉलेटांकडे किती टक्के नाणी आहेत ते पाहावं. पूलमधली रक्कम लॉक आहे का, म्हणजे कुणाला काढून नेता येणार नाही ना, आणि कधीपर्यंत, तेही. थोडी नाणी घेऊन लगेच विकून बघावीत. विकली गेली तरी निर्धास्त होऊ नये. कॉन्ट्रॅक्टची मालकी सोडलेली नसेल आणि त्यात तशी सोय असेल, तर मालक उद्या विक्रीवर जबर शुल्क लावू शकतो.

आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. हे मीममध्ये कधी येत नाही.

आपल्या अर्थविषयक पानावर अशा टोकनची बातमी देताना मार्केट कॅपशेजारी पूलमधली रक्कमही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे