काकूंच्या गुडघ्याविषयी

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रियेला इतके महिने होऊनही काकूंचा गुडघा सुजतो, आणि कोणी तरी धातूच्या ॲलर्जीची शंका काढल्यामुळे बसवलेला कृत्रिम सांधा तुम्ही बदलण्याच्या विचारात आहात, हे वाचून काळजी वाटली. कृपा करून घाई करू नकोस.

अशी ॲलर्जी असते, हे खरे. कृत्रिम गुडघ्याचा मांडीच्या हाडावर बसणारा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो, त्यात किंचित निकेलही असते. या धातूंचे आयन शरीरात सुटून प्रथिनांना चिकटले, की काहींच्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी, त्यांना परके मानून खवळतात. जोतिबाच्या जत्रेतली कर्णफुले घातली की काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन चिघळत आणि पिवळसर खपली धरीत, हे मला चांगले आठवते. ते निकेलचेच लक्षण असावे, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर ते अवश्य घाल.

परंतु कातडीला निकेल न सोसणाऱ्या कितीतरी जणांचे सांधे विनातक्रार चालतात, म्हणून हे निदान सगळ्यात शेवटी करायचे असते. आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री हवी: शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी, गरज पडल्यास सांध्यातले पाणी काढून त्याचे कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहणे. मग सांधा सैल झाला आहे का, हे एक्स-रेवर पाहावे. संसर्गाला ॲलर्जी समजून दिवस काढले, तर पायच धोक्यात येतो. मला खरी भीती त्याची आहे.

त्यानंतर पॅच टेस्ट, म्हणजे कातडीला कोणता धातू सोसत नाही हे पाहण्याची चाचणी. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात, पुन्हा 72 ते 96 तासांनी पाहतात, आणि तोवर पाठ भिजवायची नसते. धातूंची प्रतिक्रिया कधी कधी उशिरा उमटते, म्हणून आठवड्याने आणखी एकदा पाहायला सांग. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी गुडघ्याचे दुखणे त्यामुळेच आहे, असे तेवढ्यावरून ठरत नाही.

क्रोमियमच्या धास्तीने काकूंनी कोल्हापुरी चपला सोडल्या, असे तू लिहितोस. पारंपरिक कोल्हापुरीचे कातडे क्रोमियमच्या क्षारांनी नव्हे, तर बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्या त्यांनी खुशाल घालाव्यात.

दुसऱ्या गुडघ्याची वेळ आली, तर ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचे किंवा सिरॅमिकचा लेप दिलेले सांधे मिळतात. शस्त्रक्रियेआधीच तशी चर्चा कर. तूर्त डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असेल, त्याचा फोटो मला लगेच पाठव. कोणता धातू वापरला आहे, हे त्यावरून शोधता येईल.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा,
विलास