नववा काठावरच

प्रिय तांडेलकाका,
सा. न. वि. वि.

आम्हा नदीकाठच्यांना बोट चालवायला शिकवल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "जेवलंस काय?" विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. त्याच महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्या धसक्यानं आमच्या गावानं वर्गणी काढून बोट आणली खरी, पण चालवायची कुणी? आम्ही ऊसवाले. खालच्या अंगाचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण 519.60 मीटरवर राहणार की 524 वर जाणार, हे आमच्या पारावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ. बोटीची गाठ मात्र एकालाही येत नव्हती. बैल बांधतात तशी बांधली होती. ती बघून तुम्ही किती हसलात!

2022 च्या जूनमध्ये तुम्ही मालवणजवळच्या देवबागहून आलात. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. वर्षातली तेवढीच तुमची उसंत. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळानं तुमची जाळी नेली होती, त्याआधी 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळानं ऐन हंगाम बुडवला होता. तरी सहा दिवस राहिलात. आधी नुसती वल्ही, इंजिन तिसऱ्या दिवशी. काठाला लागताना बोटीचं तोंड प्रवाहाच्या उलट. जॅकेटशिवाय पाय आत नाही. आणि बोटीत माणसं आठ म्हणजे आठ. "नववो देव इलो तरी काठार ऱ्हवतलो."

एक गोष्ट मात्र आम्ही तुम्हाला शिकवली, ती इथं सांगितलीच पाहिजे. बुडालेल्या उसावरून जाताना ठिबकच्या नळ्या इंजिनाच्या पंख्यात अडकतात. "आमच्याकडे जाळी, तुमच्याकडे नळये," म्हणालात, आणि तिथं इंजिन उचलून बांबूनं रेटायचं ठरलं.

नंतर आम्ही दहाजण देवबागला आलो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तुमची घरं. उधाणाला लाट कुठवर येते ते तुम्ही माडाच्या उघड्या पडलेल्या मुळांवर दाखवलंत. काकूंनी विहिरीचं पाणी चाखायला दिलं, मचूळ. खाडीत मात्र जिथं तिवर, म्हणजे कांदळवन, दाट होतं, तिथं काठ जागेवर होता. चिखलातून बोटांसारखी वर आलेली ती मुळं बघताना मला आमचा नदीकाठ आठवला आणि लाज वाटली. करंज, वाळुंज तोडून आम्ही ऊस पार पाण्यापर्यंत नेला होता. परत आल्यावर पहिल्या दोन सऱ्या मोडून करंज लावलेत. भावकीनं वेड्यात काढलं, ते असो.

तुमचं एक वाक्य गावात अजून फिरतंय. "समुद्र सहा तासांनी मागे जातो, तुमची नदी पाच पाच दिवस बसून ऱ्हवता." त्यामुळं हल्ली आम्ही पाणी दारात यायची वाट बघत नाही. मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, शिरलं की जनावरं आधी वर.

2024 च्या जुलैत बोट पहिल्यांदा खरी पाण्यात गेली. मळ्यातल्या वस्तीवरची आठ माणसं बसली आणि नववे आले गावातले एक वजनदार पुढारी, हातात बॅग. सुकाणूवर आमचा धाकटा, वय एकोणीस. तो म्हणाला, "आण्णा, पुढच्या फेरीला." आण्णा तापले, आरडाओरडा केला. पोरगं हललं नाही. आण्णा पाऊण तास छत्री धरून काठावर उभे होते. नंतर त्यांनीच ग्रामपंचायतीतून आणखी चार जॅकेटं मंजूर केली.

या पत्रासोबत राजापुरी हळद आणि काकूंना आवडलेलं भडंग पाठवतोय. आणि हो, बोटीचा दोर दोन ठिकाणी झिजलाय. नवा किती जाडीचा घ्यायचा ते कळवा, जून यायच्या आत.

तुमचा,
कृष्णाकाठचा शिष्य