ते उंदीर निरोगी होते

महोदय,

बियांची तेले रेडिएशनच्या दुष्परिणामांपासून वाचवतात, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. त्यात खोटे काही नाही. पण तो ऐन उपचारांत असलेल्या रुग्णाच्या हाती पडला तर, ही धास्ती वाटली. गेल्या वर्षी तो रुग्ण मी होतो.

घशाच्या कर्करोगासाठी मी ३३ वेळा रेडिएशन घेतले, दर खेपेला २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). तिसऱ्या आठवड्यात लाळ आटली, पाणी गिळतानाही डोळे भरून यायचे. तेव्हा एका स्नेह्याने कलौंजीच्या तेलाच्या कॅप्सूल आणून दिल्या. जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला, म्हणून आधी कागद-पेन्सिल घेतली.

किरणांनी पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिल मूलके म्हणजे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि पेशीपटलातला मेद, डीएनए, जे समोर येईल ते ऑक्सिडाइज करत सुटतात. कलौंजीतले थायमोक्विनोन हे द्रव्य त्यांना आवर घालते, हे उंदरांमध्ये दिसले आहे. पण ते उंदीर निरोगी होते, कर्करोगाची गाठ नसलेले. एका प्रकारच्या प्रयोगात डोक्यावर एकदाच ५ ग्रे आणि तेल वजनाच्या किलोमागे रोज १ ग्रॅम. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना साधारण सहाने भागतात; तरीही माझ्या ६० किलोंना १० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या २० कॅप्सूल!

त्याहून मोठी अडचण अशी, की माझी गाठ नष्ट करायला डॉक्टर वापरत होते ती हीच मूलके. त्यांना आवरणारे औषध गाठीलाही पांघरूण घालणार नाही कशावरून? कॅनडात डोके-मान कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर अशाच मूलकांना आवरणाऱ्या व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीनची चाचणी झाली. २००५ मध्ये निष्कर्ष आले : रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला. पण पुढे गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. तेल म्हणजे त्या गोळ्या नव्हेत, मान्य. पण तेलाची अशी चाचणी माझ्यासारख्यांवर आधी व्हावी, मग सल्ला द्यावा.

जाता जाता : लेखात गौरवलेले जवसाचे तेल हवेत स्वतःच इतक्या लवकर ऑक्सिडाइज होते, की चित्रकार ते रंग वाळावा म्हणून वापरतात.

मी कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी वेष्टन उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "शेवटचे रेडिएशन झाले की घेऊन या, मग बोलू." लेखात एवढे एक वाक्य हवे होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक